डेटाबेसवाल्यासाठी पोहे

गेल्या वर्षी १२ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी चार वाजता. मंजूर रक्कम महिना पंचेचाळीस हजार रुपये. हजर: आमच्या संस्थेचे अध्यक्ष, संगणक चालवणाऱ्या ऑपरेटर ताई, खजिनदार म्हणून मी, आणि माझी बायको. बायको संस्थेची सभासद नाही. पण ती घरून पोह्यांचं पातेलं घेऊन आली होती आणि ठराव होताना दारातच उभी होती, म्हणून तिचीही हजेरी मांडली. होती ती होती.

ठराव एका ओळीचा होता. संस्थेने अनुभवी डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर नेमावा.

आमची संस्था संत्रा आणि कापूस पिकवणाऱ्यांची विक्री संस्था आहे. कार्यालय मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात, दुसरा काटा सौंसरला. सभासद माल आणतो, काट्यावर वजन होतं, भाव लागतो, दिलेली उचल वजा होते आणि बाकी खात्यात जमा होते. हे सगळं एका काळ्या यंत्रात साठतं. त्याला सर्व्हर म्हणतात आणि आतल्या मांडणीला डेटाबेस. ते सांभाळणारा एक मुलगा आमच्याकडे होता. सप्टेंबरात त्याला पुण्याला दुसरी नोकरी लागली. जाताना त्याने सगळं नीट समजावून सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी नीट मान डोलावली.

मग दिवाळी आली.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या मांडतात. कुंकू, अक्षता, झेंडू, वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक. अध्यक्ष जुने कापूस व्यापारी, सत्तरी ओलांडलेले, आवाज गोदामाच्या मापाचा. त्यांनी वह्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, लक्ष्मी आता वहीत राहून राहिली का? वहीत तर कोणी लिहीतच नाही. ते तर त्या काळ्या डब्यात बसली आहे. पूजा डब्याची करा."

मुद्दा बिनतोड होता. आम्ही सर्व्हर पाटावर घ्यायचं ठरवलं.

"चालू मशीनले कुकू कसं लावता?" अध्यक्ष म्हणाले. "जरा झोपवा तिले."

ताई म्हणाल्या, "साहेब, बंद करायची एक पद्धत असते."

"पद्धत म्हणजे बटन ना?" असं म्हणून त्यांनी वायर उपटली. खालची बॅटरी शिट्टी वाजवायला लागली. "आरतीत शिट्टी कायले?" म्हणून त्यांनी तिचंही बटण बंद केलं. मग यथासांग पूजा झाली. पेढे उत्तम होते. यंत्राच्या पंख्याच्या जाळीत अक्षतांचे सात-आठ दाणे गेले ते वेगळंच.

पाडव्याला मुहूर्तावर यंत्र सुरू केलं. पडद्यावर एकच इंग्रजी वाक्य आलं आणि ते हलेना. अध्यक्षांनी त्या वाक्याला हात जोडले.

पुण्याचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत होता. दोन दिवस तो फोनवर चिवडा चावत बोलत राहिला आणि ताई तो सांगेल ते टंकत राहिल्या. नशीब, रोजच्या माहितीची नक्कल ज्या डिस्कवर ठेवतो ती पूजेत असूनही जोडलेली नव्हती. तिच्यावरून शनिवारपर्यंतचं सगळं परत मिळालं. पुढचे दिवस ताईंनी आणि मी काट्याच्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरले. कोणाचं काही बुडालं नाही. शेवटी तो मुलगा म्हणाला, "काका, यावेळी नशीब होतं. पुढच्या वेळी मी फोन उचलणार नाही. अनुभवी माणूस ठेवा."

हे सगळं नोव्हेंबरात तपासणीला आलेल्या ऑडिटरच्या कानावर गेलं. अध्यक्षांनीच सांगितलं, मोठ्या कौतुकाने, पूजेचा फोटो दाखवून. ऑडिटरनी फोटो मोठा करून पाहिला. चहा अर्धा सोडला. आणि शेरा लिहिला: एकतीस डिसेंबरपर्यंत अनुभवी डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर नेमावा, अन्यथा सर्व खाती विक्री संस्थांच्या संघाच्या छिंदवाड्याच्या संगणकावर वर्ग करावीत.

छिंदवाडा, म्हणजे आमचा जुना जिल्हा, हा शब्द वाचताच अध्यक्ष खुर्चीतून उठले. "जिल्हा झाला पांढुर्णा! दोन वर्षं होऊन राहिले जिल्हा होऊन! आन् आता माणसानं आपल्याच संत्र्याचा हिशोब पाहायले पुन्हा छिंदवाड्याची बस धरावं? मी मेल्यावर करा हे."

तर हे पणाला लागलं होतं. एकतीस तारखेच्या आत माणूस, नाहीतर खाती छिंदवाड्याला. त्यांच्या मागोमाग आमचं कार्यालय बंद आणि ताई घरी. म्हणून बारा तारखेला तो ठराव झाला. पोहेही त्याच दिवसापासून सुरू झाले.

*

जाहिरात नागपूरच्या दोन वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवर दिली. सौंसरच्या काट्यावर एक कागद लावू का, असं ताईंनी विचारलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "सौंसरले काऊन? डेटाबेसवाले का बोराच्या झाडाले लागतात?" मीही गप्प बसलो. कागदाचे दोन रुपये वाचले.

पहिला आठवडा फोनच आले. पुण्याच्या एका गृहस्थाने पंधरा वर्षांचा अनुभव सांगितला. आमचे हात एकदम जोडले गेले. पगाराचा आकडा सांगितल्यावर तो फार अदबीने म्हणाला, "हे आठवड्याचे का?" दुसऱ्याने विचारलं, गावात विमानतळ किती लांब आहे. अध्यक्षांनी फोन माझ्या हातून घेतला आणि म्हणाले, "रेल्वे टेसन पायी दहा मिनिटांवर आहे. इमान तुम्ही घेऊन या."

मी चार ठिकाणी चौकशी करून हिशेब मांडला. खरा अनुभवी माणूस मोठ्या शहरात आमच्या दुपटीहून जास्त मिळवतो. आमच्या पैशात येणारा एकतर अनुभवी नसेल, नाहीतर त्याला पांढुर्ण्याची काहीतरी ओढ असेल. म्हणजे आम्हाला तज्ज्ञ आणि प्रेमात पडलेला असा माणूस पाहिजे होता. हे मी सभेत सांगितलं.

"मग पाडू ना प्रेमात," अध्यक्ष म्हणाले. "पाहुणा येऊ द्या, चांगलं खाऊपिऊ घाला, गाव दाखवा, आन् जातानी संत्र्याची एक पेटी. प्रत्येकाले. आपल्या गावातून माणूस रिकाम्या हातानं गेला तर थो नोकरीले काय म्हणून येईन?"

"उमेदवार म्हणजे पाहुणा नव्हे," मी म्हणालो.

"घरी आला तो पाहुणा. जाण्यायेण्याचे चारशे रुपये सरसकट द्या."

"तिकीट पाहून देऊ."

"पाहुण्याले तिकीट मागता का, भाऊ?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नात आहेराचं पाकीट लगेच फोडलं.

असे तीन नियम झाले: पोहे, चारशे, पेटी. तिन्हींच्या बाजूला मी माझा विरोध नोंदवला.

तांत्रिक प्रश्न कोण विचारणार, हा प्रश्न उरला. पुण्याच्या मुलाला फोन केला. त्याने एकच प्रश्न दिला. "त्यांना विचारा, बॅकअप परत लावून, चालतो का ते शेवटचं कधी पाहिलं. जो पटकन ‘हो हो, रोज होतो बॅकअप’ म्हणेल, तो नवशिका. जो हे ऐकून गंभीर होईल, तो अनुभवी."

"आणि उत्तर काय पाहिजे?"

"उत्तर तुम्हाला नाही कळणार, काका. चेहरा पाहा."

*

पहिला उमेदवार आला तो तेवीस वर्षांचा, अनुभव नऊ वर्षे. मी कागदावर वजाबाकी केली. चौदाव्या वर्षापासून तो डेटाबेस सांभाळत होता. अध्यक्षांना त्यात काही खटकलं नाही. "मी बाराव्या वर्षी आडतीत बसलो होतो," ते म्हणाले आणि पुढे त्यांच्या पद्धतीने मुलाखत सुरू केली. "गाव कोणतं? वडील काय करतात? भाऊ किती? शेती आहे का? ओलिताची का कोरडवाहू?"

मुलगा घाबरून म्हणाला, "सर, मी फक्त नोकरीसाठी आलोय."

मी माझा प्रश्न विचारला. तो हसून म्हणाला, "बॅकअप ना? रोज होतो सर!" मी त्याच्या नावापुढे फुली मारली. त्याने पोहे दोनदा घेतले, पेटी घेतली, चारशे घेतले आणि म्हणाला, "कळवतो."

हा शब्द मला ओळखीचा होता. मुलगी पाहायला आलेली मंडळी बशी खाली ठेवून, रुमालाने तोंड पुसून, चपला शोधत हाच शब्द म्हणतात. आमच्या मुलीच्या वेळी तो मी एकदाच ऐकला होता, दुसऱ्या स्थळाला जमलं. डेटाबेसच्या वेळी तो पुढच्या सहा आठवड्यांत अठरा वेळा ऐकला.

हळूहळू आमच्या लक्षात आलं की पाहणी उलटी चालली आहे. दाखवली जात होती ती आमची पांढुर्णा. मुलाकडची मंडळी तिला निरखून पाहत होती आणि आम्ही ट्रे घेऊन उभे होतो. एक खरोखर अनुभवी गृहस्थ नागपूरहून बायको, मुलगा आणि सासूबाई यांच्यासह आले. माझा प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा इतका पडला की मी जवळजवळ टाळी वाजवली. पण निर्णय त्यांच्या हाती नव्हता. अध्यक्षांनी स्वतःच्या गाडीतून सगळ्यांना गाव फिरवलं, पुढच्या सीटवर सासूबाई.

"शाळा कशा आहेत?" गृहस्थांच्या बायकोने विचारलं.

"पहिल्या नंबरच्या."

"पोहायचा तलाव?"

अध्यक्षांनी जरा विचार केला. "नदी आहे."

"आत्ता पाणी आहे?"

"पावसाळ्यात या ना."

सासूबाई एका संत्र्याच्या बागेत उतरल्या, तोडणी चाललेली पाहून फार खूश झाल्या आणि ओटीत मावतील तेवढी फळं घेऊन आल्या. आम्हाला वाटलं, जमलं. गाडीत बसताना त्या लेकीला म्हणाल्या, "गाव छान आहे गं. सुट्टीत यायला." त्या दिवशीही पेटी गेलीच आणि ‘कळवतो’ त्यांच्या मुलाने म्हटलं, वय वर्षे आठ.

घरी बायको पोहे भिजवता भिजवता रोज विचारायची, "अजी, आज किती बशा?"

"दोन."

"स्थळ कसं आहे?"

"अनुभव सहा वर्षं."

"पत्रिका पाहून घ्या म्हणा एकदाची. पोरीच्या वेळी मी इतके पोहे नाही केले जी. आन् तिथं निदान जावई तरी भेटला."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संख्या अचानक वाढली. एका दिवशी पाच जण, दुसऱ्या दिवशी चार. मला आनंद झाला, पण आकडे जुळेनात. जाहिरात तर केव्हाच थांबली होती. मग स्टेशनावरून येताना ताईंनी चौघांना बोलताना ऐकलं. ते एकाच कॉलेजचे होते. एक दुसऱ्याला सांगत होता, "काही टेन्शन नाही बे. एक म्हातारे शेतीचं विचारतात, एक काका तोंडाकडे पाहत राहतात. मग पोहे. पोहे भारी असतात. अन् पेटी घेतल्याशिवाय निघायचं नाही."

मी तडक अध्यक्षांकडे गेलो. खर्चाचा कागद समोर ठेवला. भाडं, पोह्याचं सामान, पेट्या. "नागपुरात आपली ख्याती झाली आहे. पण नोकरीची नाही, पेटीची."

अध्यक्षांनी कागद लांब धरून वाचला. मग त्यांना हसू यायला लागलं. पहिल्यांदा खांदे हलले, मग पोट, मग खुर्ची. "म्हणजे पोरं रेल्वेनं संत्रे खायले येऊन राहिले! तेही इंटरव्ह्यू देऊन!" मीही हसलो. खरं तर न हसण्याचा मी पूर्ण प्रयत्न केला होता. ताईंनी पाणी आणलं, त्यांना ते हसता हसता सांडलं.

पेटी मात्र बंद झाली नाही. "पोरांनी संत्रं खाल्लं तर त्याईचं काय वाईट झालं?" असा अध्यक्षांचा निकाल होता. तारीख मात्र चालली होती. सतरा तारखेला संघाकडून फोन आला, खाती वर्ग करण्याची तयारी कुठवर आली म्हणून. अध्यक्ष म्हणाले, "माणूस नेमून राहिलो आम्ही." ताईंनी त्या दिवशी टेबलाचे खण आवरले.

*

अठरावा उमेदवार मोटारसायकलवर आला. अंगाने बारीक, बोलायला सरळ. माझा प्रश्न ऐकून तो गंभीर झाला. मी बरोबरची खूण करायला पेन उचलला. पण तो म्हणाला, "सर, खरं सांगू? मला तीनच वर्षं झाली. बॅकअप परत लावून पाहायचं माझ्या मॅडमनी शिकवलं, पण कधी एकट्याने केलं नाही. तुमचं काम मी एकट्याने नाही निभावू शकणार."

असा माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटत होता. अध्यक्षांनी स्वतः त्याला पोहे वाढले आणि म्हणाले, "शिकशील, बेटा."

"कधी शिकणार? तुम्हाला एकतीसला माणूस पाहिजे ना." तो उठला. "तरी घरी विचारून कळवतो."

पेटी घ्यायला तो तयारच नव्हता. "गाडीवर कशी नेऊ?" अध्यक्षांनी स्वतः दोरीने मागे बांधून दिली. मी आतूनच पाहत होतो. मनात आलं, ही अठरावी.

पुढचं आम्हाला नंतर कळलं. तो परत जाताना सौंसरवरून रामाकोन्याला वळला. त्याच्या त्या जुन्या मॅडम पुण्याची नोकरी सोडून दिवाळीतच रामाकोन्याला वडिलांकडे आल्या होत्या. वडील बागेत घसरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने कसं जायचं? गाडीवर पेटी होतीच. त्याने ती तिथे दिली.

रामाकोन्यातल्या ज्या घरामागे पाचशे संत्र्याची झाडं आहेत, त्या घरात माणूस संत्र्याची पेटी भेट घेऊन गेला. वडील पलंगावर पडल्या पडल्या इतके हसले की पाय दुखायला लागला. मग त्यांनी विचारलं, "हे संत्रं कोणाचं?" पेटीवर आमच्या संस्थेचा कागद चिकटवलेला होता. आणि त्या मुलाने सगळं सांगितलं: पोहे, पंख्यातल्या अक्षता, छिंदवाडा, एकतीस तारीख.

*

सव्वीस डिसेंबरला, शुक्रवारी, सकाळी साडेअकराला एक बाई कार्यालयात आल्या. माझ्याच वयाच्या असतील. केस अर्धे पिकलेले, खांद्यावर कापडी पिशवी. आम्हाला वाटलं, सभासद आहेत, खात्याचं काही विचारायला आल्या. ताईंनी खुर्ची दिली, पोहे पुढे केले.

"पोहे नंतर," त्या म्हणाल्या. "आधी मशीन दाखवा."

त्यांनी सर्व्हर पाहिला, बॅटरी पाहिली, पंख्याची जाळी पाहिली. बोटाने खरवडून तांदळाचा एक लाल दाणा बाहेर काढला आणि तळहातावर ठेवून आमच्यासमोर धरला. मग विचारलं, "तुमचा बॅकअप परत लावून, चालतो का ते शेवटचं कधी पाहिलं?"

माझा प्रश्न! माझ्या आधीच! मी अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते एकदम गंभीर झाले होते. आमच्या कसोटीने पाहिलं तर त्या क्षणी कार्यालयात अनुभवी ठरत होते ते अध्यक्ष.

"दिवाळीनंतर नाही पाहिलं जी," ते म्हणाले.

"मग तुमच्याकडे बॅकअप नाही. डिस्क आहे. चला, आज पाहू."

त्यांनी पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. पुढचे तीन तास त्या आणि ताई शेजारी शेजारी बसल्या. मधेच त्या ताईंना म्हणाल्या, "तू दिवाळीत फोनवर हे सगळं टाकलंस? एकही चूक नाही केलीस. मग घाबरतेस काऊन?" ताईंनी आवरलेला खण पुन्हा उघडून पेन बाहेर ठेवलेला मी पाहिला. शेवटी त्या लॅपटॉपवर आमची सगळी खाती उभी राहिली, माझं स्वतःचंसुद्धा, पैशापैशाने बरोबर. मी तीन वेळा तपासलं.

मग अध्यक्षांनी त्यांची मुलाखत घेतली. "गाव कोणतं?"

"रामाकोना."

"शेती?"

"पाचशे झाडं. विहीर आहे."

"ओलिताची!" अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले. सहा आठवड्यांत त्यांना पहिल्यांदाच मनासारखं उत्तर मिळालं होतं. "मग अगोदर काऊन नाही आल्या, बाई? आम्ही सारा नागपूर पालथा घातला."

"मला कसं कळणार? सौंसरच्या काट्यावर माझा माल दर आठवड्याला येतो. तिथे एक कागद लावला असता तर पहिल्या दिवशी आले असते."

ताईंनी छताकडे पाहिलं. मी दोन रुपयांचा विचार केला.

त्या सरळ मुद्द्यावर आल्या. "बावीस वर्षं हेच काम केलं. पंचेचाळीस चालतील, पण आठवड्याचे तीन दिवस. उरलेले बागेचे आणि बाबांचे. मधे काही झालं तर रामाकोन्याहून निघून मी येते. ताईंना मी शिकवीन, म्हणजे रोजचं त्या पाहतील. आणि या यंत्राला कोणी हात लावायचा नाही. लक्ष्मीपूजनाला तर मुळीच नाही."

अध्यक्षांचा चेहरा पडला. "पूजाच नाही? असं कसं बाई? लक्ष्मी आहे ते."

इतकं जुळत आलेलं स्थळ कुंकवावरून मोडणार, असं मला वाटलं.

"फोटोची करा," बाई म्हणाल्या. "मशीनचा चांगला फोटो काढा, फ्रेम करा. मोबाईलवर देवदर्शन घेता ना तुम्ही?"

अध्यक्षांनी विचार केला. "फ्रेम सोनेरी पाहिजे," ते म्हणाले. ती मी तिथल्या तिथे मंजूर केली.

मग बाईंनी पोहे खाल्ले. अध्यक्षांनी चारशे रुपये आणि पेटी पुढे केली. पेटी पाहून त्या हसल्या, ती घेतली नाही. पैसे न मोजता पिशवीत टाकले. उठल्या, चपला घातल्या, आणि दारात म्हणाल्या, "बाबांना विचारते. कळवते."

मी यादी ओढून ‘कळवते’ मांडलं. एकोणिसावं!

*

शनिवार, रविवार. फोन वाजला की अध्यक्ष उठायचे. एकदा विम्याचा होता, एकदा त्यांच्या सुनेचा, येताना दही आणा म्हणून. फोन नंबर आपण घेतलाच नाही, हे मला शनिवारी रात्री आठवलं. ताई म्हणाल्या, सभासदांच्या खात्यात असेल. असेलच, वडिलांच्या नावाने. पण मुलाकडच्यांना आपण होऊन फोन करायचा नसतो, असं अध्यक्षांचं मत पडलं. बायकोचं वेगळंच होतं. "अजी, जी बाई पोहे शेवटी खाते ते ‘नाही’ म्हनत नाही."

सोमवारी एकोणतीस तारखेला साडेअकराच्या सुमारास त्या दारात उभ्या होत्या. मागे बसमधून उतरवलेली एक पेटी घेऊन हमाल.

"फोनवर काय कळवायचं," त्या म्हणाल्या. "कळवायला आले. बाबा हो म्हणाले. आणि ही आमच्या बागेची पेटी. तुमच्याकडे रिकाम्या हाताने यायची पद्धत नाही म्हणतात."

अध्यक्षांनी टेबलावर असा हात मारला की शाईचं पॅड खाली पडलं. ताईंनी नियुक्तीचं पत्र आधीच टंकून ठेवलं होतं, फक्त नाव भरायचं होतं. ऑडिटरच्या शेऱ्याला उत्तर त्याच दुपारी गेलं. खाती पांढुर्ण्यातच राहिली. संघाला फोन अध्यक्षांनी स्वतः केला. तो गोदामाच्या आवाजात, दार उघडं ठेवून.

"आता सांगा भाऊ," फोन ठेवून ते मला म्हणाले. "पेटी वाया गेली का?"

मी अठरा पेट्यांचा कागद काढला. सतरा खर्चात होत्या, अठरावी जाहिरातीत टाकायला पाहिजे होती. तसा बदल केला, बाजूला सही केली. माझा विरोध मात्र खोडला नाही. बाकीच्या सतराबद्दल तो अजून आहे. आलेली पेटी कुठे जमा करायची हे मला कळेना. तोवर बायकोने ती फोडली होती.

सगळं झाल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या. पिशवीतून घडी केलेल्या नोटा काढून समोर ठेवल्या. "शुक्रवारी चारशे दिले होते ना तुम्ही. मी घरी जाऊन मोजले. रेल्वेने नव्हते आले. रामाकोन्याहून सौंसर, सौंसरहून पांढुर्णा, जाऊन-येऊन एकशे वीस लागले. हे दोनशे ऐंशी परत घ्या." सोबत बसची चारही तिकिटं होती, टाचणीने जोडलेली.

सहा आठवड्यांत पहिल्यांदा कोणी मला तिकीट दाखवत होतं. मी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. खिडकीजवळ जाऊन पुन्हा पाहिलं. अध्यक्ष विचारत होते, "भाऊ, डोळ्यात काही गेलं का?"

काही नाही, म्हणालो. पावतीपुस्तक काढलं आणि लिहिलं: प्रवासभाडे, मुलाखतीसाठी, तिकिटांप्रमाणे, एकशे वीस रुपये फक्त. दिले: रामाकोन्याच्या मॅडमना.